गद्रे संग्रहातलं शेवटचं पुस्तक

मंगळवारी सकाळी विश्रामराव गद्र्यांनी चष्म्याच्या घरात, चष्म्याखाली, एक खोडरबर दडवला. वय वर्षं त्र्याहत्तर. वीज मंडळात चौतीस वर्षं नोकरी केली, त्यात ऑफिसची साधी पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही. आणि आता हा सरळमार्गी माणूस ठाण्याच्या एका मोठ्या ग्रंथालयात जाऊन पुस्तकातला मजकूर चोरून खोडणार होता.

वासंतीबाईंना त्यांनी सांगितलं, "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन येतो."

एरवी वासंतीबाईंनी कुठले डॉक्टर, आत्ताच कशाला, रिपोर्ट घेतलेत का, असे दहा प्रश्न विचारल्याशिवाय नवऱ्याला चपला घालू दिल्या नसत्या. आज त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. रविवारपासून त्यांचं असंच चाललं होतं. काल आमटीत दोनदा मीठ पडलं होतं. शनिवारच्या कार्यक्रमाला कुठली साडी नेसायची हा विचार डोक्यात असेल, अशी विश्रामरावांनी आपली समजूत करून घेतली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली तरी बायकोच्या मनात काय चाललंय याचे त्यांचे अंदाज फारसे सुधारले नव्हते.

या सगळ्याचं मूळ दोन वर्षांमागे होतं. डोंबिवलीतली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि नवरा-बायको डोंबिवलीतच मानपाड्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. दोन खोल्या, दोन माणसं आणि सहाशे बारा पुस्तकं. यातलं कोणीतरी बाहेर जायला हवं होतं. मुलगा बंगळुरूला, तो म्हणाला, "बाबा, रद्दीत..." आणि पुढचं वाक्य त्याने शहाणपणाने गिळलं. शेवटी ठाण्याच्या कोपरीतल्या संशोधन ग्रंथालयाने सगळी पुस्तकं घेतली, 'गद्रे संग्रह' असं नाव दिलं, आभाराचं पत्र पाठवलं. विश्रामरावांनी ते पत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं.

पण पुस्तकं द्यायच्या आधी ते तीन आठवडे खोडरबर घेऊन बसले होते. कारण विश्रामरावांना वाचताना गप्प बसता येत नसे. लेखकाशी वाद घातल्याशिवाय त्यांचं पान उलटत नसे. समासात, ब्लेडने टोक काढलेल्या पेन्सिलीने, ते लिहीत: 'साफ खोटं!' 'हे कुणी सांगितलं?' 'हा अगदी आमच्या दादासारखा कंजूष.' हळूहळू लेखक राहिला बाजूलाच आणि समासांची रोजनिशी झाली. साहेबावरचा राग, सोसायटीच्या सेक्रेटरीवरचा राग, व्याह्यांनी लग्नात केलेला मानपानाचा हट्ट, सगळं तिथे. खाली तारीख आणि 'वि. ग.' अशी सही. घरात शब्द न काढणारा हा माणूस समासात मात्र नुसता कडाडत असे. त्यातलं जे जे कुणाला लागेल ते त्यांनी तीन आठवड्यांत खोडून टाकलं.

फक्त एक पुस्तक हाताशी नव्हतं. हिमालयातल्या पायी प्रवासाचं ते जाडजूड पुस्तक. आणि नेमकं त्याच पुस्तकात त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य होतं.

शहाऐंशी सालची गोष्ट. ऑफिसातले चौघे मित्र मे महिन्यात सव्वीस दिवसांसाठी हिमालयात चालले होते. विश्रामरावांचं नाव यादीत होतं, बूट घेऊन झाले होते. आणि निघायच्या आठ दिवस आधी वासंतीबाई म्हणाल्या, "नका जाऊ. आईंना मी एकटी कशी उचलू?" विश्रामरावांच्या आईला अर्धांगवायू झालेला, त्या आतल्या खोलीत पडून. विश्रामराव काही बोलले नाहीत. बोलायची हिंमत नव्हती, लिहायची होती. बर्फातल्या पायवाटेचा फोटो असलेल्या पानावर त्यांनी लिहिलं: 'वासंतीने आज नाही म्हटलं. हिच्याशी लग्न केलं नसतं तर मी या वाटेवर असतो. – वि. ग., ११ मे १९८६.'

पंधरा दिवसांत राग उतरला. ज्या बाईबद्दल असं लिहिलं तीच बाई रोज सकाळी आपल्या आईला न्हाऊ घालते, वेणी घालते, भरवते, हे डोळ्यांसमोर दिसत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. खोडून टाकू म्हणून कपाट उघडलं तर पुस्तक जागेवर नाही. कुणीतरी नेलं असणार. कुणी, ते विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर 'का हवंय' हे सांगावं लागलं असतं. आई पुढे चार वर्षांनी गेली. वासंतीबाईंनी त्या चार वर्षांत एकदाही तोंड वेडंवाकडं केलं नाही. ते वाक्य मात्र कुठेतरी, कुणाच्या तरी घरात, बंद पुस्तकात तसंच होतं, आणि विश्रामरावांना ते मधूनमधून टोचत राहिलं.

परवा रविवारी जुन्या इमारतीतल्या सलिलचा फोन आला. सलिल आता कल्याणला राहतो, छप्पन्न वर्षांचा आहे, पण काकांशी बोलताना अजून कॉलेजातलाच. फोन स्पीकरवर होता.

"काका, एक कन्फेशन आहे. तुमचं ते हिमालयाचं पुस्तक माझ्याकडेच राहिलेलं! माळा साफ करताना सापडलं. पहिल्या पानावर तुमचा शिक्का, 'वाचून झाल्यावर परत करावे'. म्हटलं, अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली, आता तरी करू या."

"अरे वा, मग घरी घेऊन ये की!"

"घरी कशाला? तुमची सगळी पुस्तकं तिकडे आहेत ना? मी परस्पर ग्रंथालयातच देऊन आलो. पावती पण घेतलीये!"

विश्रामरावांच्या तोंडचं पाणी पळालं. चार दशकं पुस्तक दाबून ठेवणाऱ्या माणसाला प्रामाणिकपणाचा झटका यावा आणि तोही असा. कारण येत्या शनिवारी त्याच ग्रंथालयात प्रदर्शन होतं. विषय: वाचकांनी समासात लिहिलेल्या टिपा. जिल्ह्यातल्या देणगीदारांच्या पुस्तकांतली निवडक पानं काचेखाली मांडणार होते. आणि निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं: दीपप्रज्वलन, श्रीमती वासंती गद्रे यांच्या हस्ते. म्हणजे बाई समई लावणार, वळणार, आणि समोर काचेखाली नवऱ्याच्या अक्षरात ते वाक्य वाचणार.

म्हणून खोडरबर.

गाडीने ठाण्याला येऊन विश्रामराव पूर्वेला बाहेर पडले आणि कोपरीत चालत ग्रंथालयापाशी पोचले. चार मजली इमारत. पुस्तकं देताना ते खालच्या ऑफिसातूनच परतले होते. वर कधी गेले नव्हते. विशेष संग्रह तिसऱ्या मजल्यावर. तिथल्या दाराशी टेबल टाकून सीताराम नावाचा शिपाई बसला होता. पन्नाशीचा, शांत, आणि नजर कस्टमवाल्यांची.

"काका, पिशवी लॉकरमधी. पेन असेल तर हितं ठेवा. आत फक्त पेन्सिल, ती आमीच देतो. हा फॉर्म भरा."

फॉर्म वाचायला विश्रामरावांनी चष्मा लावला. नाव, पत्ता, पुस्तकाचा विषय, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं.

"आता ते घर उघडा चष्म्याचं."

"त्यात चष्मा आहे," विश्रामराव म्हणाले.

"चष्मा तर तुमच्या डोळ्यावर हाय."

विश्रामरावांनी घर उघडलं. आत खोडरबर एकटाच पडला होता. सीतारामने तो उचलला, उन्हात धरून पाहिला आणि एका डबीत टाकला. त्या डबीत आणखी चार-पाच खोडरबर होते.

"लाजू नका. महिन्याला एक-दोघं येतातच," तो म्हणाला. "आधी हौसेनं पुस्तकं देतात, मग आठवतं का आपण काय काय लिहिलेलं. मागं एक मॅडम ब्लेड घेऊन आलेल्या, आख्खं पान कापायला. तुमचं आपलं साधं रबर." आणि त्याने सतरा नंबरचा बिल्ला हातात दिला. "जाताना परत न्या."

शाळेत कॉपी करताना पकडलेल्या पोराचं तोंड करून विश्रामराव आत गेले.

आत लांबच्या लांब खोली होती. खिडक्या बंद, पंखे हळू, आणि दोन्ही बाजूंना काचेची कपाटं. घाई असूनही त्यांचे पाय अडखळले, कारण लिहिलेलं दिसलं की वाचल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नसे. मिठागरांचे हाताने रंगवलेले नकाशे होते. आगरी लग्नांत म्हणायची गाणी एका शाळकरी वहीत लिहून काढलेली होती आणि दर दोन पानांनंतर तेलाचा डाग होता. शहाडच्या चाळीतल्या कामगारांनी चालवलेलं एक हस्तलिखित मासिक होतं. त्याच्या एका कवितेखाली कुणीतरी वेगळ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'भाऊ, शेवट घाईत केलास.' खाली चिठ्ठी: 'रंभाबाई गायकवाड यांजकडून.'

"ती माझी आजी," मागून आवाज आला. विशेष संग्रहाची प्रमुख मेघना गायकवाड. तिशीची, केस आखूड, बोलणं भरभर. "आणि कविता आजोबांची. ती शेवट घाईतवाली कॉमेंट आजीची आहे, ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम 'भाऊ' लिहिलेली, आजोबांना कधी कळलंच नाही कोणाची ते. या प्रदर्शनाची आयडिया मला तिथूनच आली. बसा काका, मी तुम्हाला फोन करणारच होते."

"कशाबद्दल?" विश्रामरावांनी विचारलं.

"तुमचं हिमालयाचं पुस्तक आलंय. आधी बघा, मग बोलू."

तिने टेबलावर मऊ उशी ठेवली, उशीवर पुस्तक ठेवलं आणि ती आपल्या जागेवर गेली. पुस्तकाचं कव्हर सलिलने कॅलेंडरच्या कागदाने घातलं होतं. विश्रामरावांनी आजूबाजूला पाहिलं. मेघना संगणकात डोकं घालून होती. सीताराम दाराकडे तोंड करून बसला होता. खोडरबर गेला तर गेला. लहानपणी पाटी पुसत तसं बोट ओलं करून पुसता येतं. विश्रामरावांनी उजवं बोट जिभेला लावलं आणि डाव्या हाताने पान उघडलं.

बर्फातली पायवाट तिथेच होती. बाजूला त्यांचं वाक्य होतं, जसंच्या तसं. आणि त्याखाली, ठळक, गोलसर अक्षरात, आणखी काहीतरी होतं.

'वाचलं. जायचं असेल तर खुशाल जा. आईंचं मी बघते. स्वेटर वरच्या कपाटात डाव्या बाजूला आहे, कानटोपी त्यातच गुंडाळली आहे. – वा., १३ मे.'

ओलं बोट हवेतच राहिलं.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं. म्हणजे वासंतीला माहीत होतं. त्यांनी लिहिल्यापासून तिसऱ्या दिवशीच माहीत होतं. ज्या वाक्याच्या भीतीने ते एकोणचाळीस वर्षं झुरत होते, ते वाक्य वाचून त्या बाईने त्याच दिवशी पोळ्या केल्या होत्या, आईंना भरवलं होतं आणि नवऱ्याचा स्वेटर काढून ठेवला होता. विश्रामरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. पुस्तकावर पाणी पडू नये म्हणून त्यांनी खुर्ची मागे सरकवली. इतकं भान त्यांना होतं.

मेघनाने पाण्याचा ग्लास आणला, पण टेबलापासून दूर धरला.

"काका, हे पान मला प्रदर्शनात ठेवायचंय. अगदी मधोमध. पण खासगी आहे, म्हणून तुमची संमती हवी. आणि अक्षरं दोघांची आहेत, म्हणून सह्याही दोघांच्या लागतील." तिने एक छापील फॉर्म पुढे केला. "नको असेल तर नाही म्हणा, पुस्तक कपाटात जाईल. फक्त एक विचारू? मग तुम्ही गेलात का हिमालयात?"

"नाही," विश्रामराव म्हणाले. "मी हे आज पहिल्यांदा वाचतोय."

मेघनाच्या तोंडून नुसतं "अरे देवा" निघालं.

जाताना सीतारामने बिल्ला घेतला आणि डबी पुढे केली. विश्रामराव म्हणाले, "राहू दे तुमच्याकडेच."

घरी पोचेपर्यंत मात्र त्या हलकेपणात एक खडा खुपायला लागला. हिने एवढं मोठं मन करून लिहिलं, आणि आपण उत्तरच दिलं नाही. तिला काय वाटलं असेल? की नवऱ्याने वाचलं, आणि तरी आईसाठी थांबला? म्हणजे एवढी वर्षं आपल्याला न केलेल्या चांगुलपणाचं श्रेय मिळतंय की काय? हे आता सांगायलाच हवं होतं. फॉर्म खिशात होता; पळवाट नव्हती.

वासंतीबाई दार उघडून तशाच उभ्या राहिल्या. "काय म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर?"

"मी ग्रंथालयात गेलो होतो."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. चेहरा उतरला होता. "मग? बघितलंत?"

"बघितलं. वासंती, माझं चुकलं. तसं लिहायला नको होतं मी. आणि आणखी एक, तू जे खाली लिहिलंस ना, ते मी तेव्हा वाचलंच नव्हतं. आईसाठी वगैरे मी थांबलो नव्हतो. पुस्तकच मिळालं नाही मला, कुणीतरी नेलं होतं."

वासंतीबाईंनी पदराने कपाळ पुसलं.

"कुणीतरी नाही. सलिलला मीच दिलं."

"काय?"

"लिहिलं खरं मी. दोन दिवस वाट बघितली, तुम्ही पुस्तक उघडलंच नाहीत. रागावून फिरत होतात. तिसऱ्या दिवशी आई न्हाणीत माझ्या हातून सुटल्या. लागलं नाही फार, पण मला एकटीला उचलताच येईनात. तेव्हा घाबरले. म्हटलं, आता यांनी वाचलं आणि खरंच निघाले तर? आणि लिहिलेलं आपणच कसं खोडायचं? जिन्यात सलिल दिसला, त्याला म्हटलं, हे घे, सुट्टीत वाच, परत द्यायची घाई नाही."

"आणि त्याने ते मनावर घेतलं," विश्रामराव म्हणाले.

"हसू नका. तुमचा हिमालय मी घालवला. एवढी वर्षं टीव्हीवर बर्फ दिसला की मला धस्स होतं. रविवारी सलिलचा फोन आल्यापासून घास उतरत नाहीये. म्हटलं, आता शनिवारी तुम्ही काचेखाली वाचणार, की जा म्हटलं होतं, आणि विचारणार की मग पुस्तक गेलं कुठे."

विश्रामरावांनी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. एका पुस्तकाच्या धास्तीने एकाच घरात दोन माणसं एवढी वर्षं गप्प बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की गुन्हेगार आपणच. त्यांना हसू आवरेना. वासंतीबाई आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या, इतक्या की शेजारच्या मीराबाईंनी दारातून डोकावून "काय झालं हो?" म्हणून विचारलं आणि उत्तर न मिळताच परत गेल्या.

"अगं, मी गेलो असतो ना, तर दुसऱ्या दिवशी तुझी आठवण येऊन परत आलो असतो," विश्रामराव म्हणाले. "बरं झालं देऊन टाकलंस ते."

"उगाच खोटं बोलू नका."

"तिसऱ्या दिवशी, मग."

त्यांनी फॉर्म काढला, सगळं समजावून सांगितलं आणि आधी स्वतः सही केली. वासंतीबाईंनी चष्मा लावून फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. सही केली. सहीखाली 'शेरा' म्हणून एक रिकामा चौकोन होता. त्यांनी पेन ठेवलं, टेलिफोनच्या वहीतली पेन्सिल घेतली आणि हाताने आडोसा करून बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग फॉर्मची घडी घालून नवऱ्याच्या हातात दिली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"या वेळी वाचा हं," आतून आवाज आला.

विश्रामरावांनी उभ्या उभ्या घडी उलगडली.

'येत्या थंडीत दोघं जाऊ. जिथवर गाडी जाते तिथवर. – वा.'

त्यांनी पुन्हा वाचलं. मग तीच पेन्सिल उचलली, ब्लेड शोधून नीट टोक काढलं आणि तिच्या अक्षराखाली, जागा होती तेवढ्यात, लगेच लिहून टाकलं: 'स्वेटर कुठे आहे? – वि. ग.'